मुलांच्या कॅथलिक शाळेतले क्लब: आठवीत कोणता घ्यावा, आणि घ्यावा का?

शाल्मली_कोथरूड

माझा मुलगा पुण्यात जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांच्या मुलांच्या शाळेत आहे, यंदा आठवीत गेला. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रश्न एका शाळेपुरता नाहीच. आठवीपासून प्रत्येकाने एक क्लब निवडायचा असतो. यादी मोठी आहे: निसर्ग, नाटक, वादविवाद, क्विझ, रोबोटिक्स, कॉयर (समूहगायन), इंटरॅक्ट (रोटरीचा शालेय क्लब), समाजसेवा, मराठी मंडळ. स्काउट आणि आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) वेगळे. बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर, साधारण दीड तास.

अडचण अशी की फाउंडेशनच्या, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांच्या पूर्वतयारीच्या, क्लासची बॅचही नेमकी त्याच वेळी आहे. क्लासचे सर म्हणतात, आठवीचं वर्ष गेलं तर पुढे पळापळ होते. घरात मतं दुभंगली आहेत. सासऱ्यांचं म्हणणं, शाळा फादरांची आहे ती काय फक्त पुस्तकासाठी? नवऱ्याला क्लास हवा. मुलाला काय हवं ते तो नीट सांगत नाही.

दुसरं, आम्ही हिंदू आहोत. कॉयर किंवा समाजसेवेच्या क्लबमध्ये धार्मिक भाग किती असतो? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

टेकडीवाला

मी अशाच शाळेचा माजी विद्यार्थी. पाच वर्षं निसर्ग क्लबमध्ये होतो, त्यामुळे त्याबद्दलच लिहितो.

आमच्या क्लबचे सर भूगोल शिकवायचे. पक्ष्यांमधलं आपल्याला फारसं कळत नाही हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, आणि नोंदवही आमच्या हातात दिली. नववीच्या प्रत्येक मुलाकडे सहावी-सातवीची दोन-तीन पोरं सोपवलेली असायची. वेताळ टेकडीवर गेलं की कोण पुढे, कोण मागे, पाणी कोणाकडे, वही कोण लिहिणार, हे सगळं आम्ही ठरवायचं. सर शेवटच्या मुलाच्या मागून चालायचे.

पहिल्या पावसाच्या सुमारास नवरंग येतो. आधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, पक्षी दिसायला मात्र बराच वेळ गप्प बसावं लागतं. आठवीतल्या वीस मुलांना गप्प बसवणं हे काम नववीतल्या मुलाने करून बघावं. ओरडून होत नाही, कारण ओरडलं की पक्षी जातो. तिथे मी जे शिकलो ते आज ऑफिसात टीम सांभाळताना रोज वापरतो.

एक उपक्रम अजून लक्षात आहे. टेकडीवर गिरिपुष्पाची म्हणजे ग्लिरिसिडियाची भरपूर लागवड आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला गुलाबी फुलांनी सुंदर दिसतं. आम्ही सुतळीने सारख्या मापाचे चौकोन आखले, काही गिरिपुष्पाखाली, काही मोकळ्या गवतात, आणि प्रत्येकात किती प्रकारची रोपं आहेत ते मोजलं. मोकळ्या गवतात प्रकार कितीतरी जास्त निघाले. हिरवं दिसतं ते सगळं जंगल नसतं, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही, ती आमच्या वहीतून निघाली. तक्ता करून शाळेच्या जिन्यात लावला होता. प्रयोग कसा मांडायचा हे मला अकरावीच्या प्रयोगशाळेत नाही, तिथे समजलं.

कसबेकर_बाबा

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मुलगा दहावीला आहे. राज्य मंडळाच्या दहावीत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ गुण मिळतात. खेळाडूंनाही त्यांच्या पातळीप्रमाणे वाढीव गुण असतात. निसर्ग क्लबला काय मिळतं? प्रमाणपत्रसुद्धा शाळेपुरतं. मध्यमवर्गीय घरात शनिवारचे दीड तास फुकट जात नसतात. ज्याचा निकालावर परिणाम होतो ते करावं, बाकीचं बारावीनंतर आयुष्यभर करता येतं.

टेकडीवाला

बाबा, बारावीनंतर चौदा वर्षांचं होता येत नाही एवढंच म्हणेन. पण गुणांची माहिती उपयोगी आहे. चित्रकला आवडत असेल तर इंटरमिजिएट जरूर द्यावी, ती क्लब सांभाळूनही देता येते.

निवृत्त_मास्तर

कॅथलिक मुलांच्या शाळांत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं वादविवाद क्लब माझ्याकडे होता. थोडं मोठं लिहितो.

पुण्यात जेझुइटांच्या मुलांच्या दोन जुन्या शाळा आहेत. कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची आणि पाषाण रस्त्यावरची लॉयोला १९६१ ची, म्हणजे पानशेतच्या पुराचं साल. दोन्हीकडे पालक प्रवेशासाठी धडपडतात ते इंग्रजीसाठी आणि शिस्तीसाठी. क्लब ही त्यांना वरची सजावट वाटते. पण जेझुइट शिक्षणाच्या मूळ घडणीतच ही गोष्ट आहे. १५९९ साली त्यांनी आपल्या सगळ्या शाळांसाठी एक नियमावली पक्की केली. तिच्यात ‘अकॅडमी’ नावाच्या गटांसाठी स्वतंत्र नियम आहेत. वर्गाबाहेर जमायचं, निबंध वाचायचे, एकमेकांचे मुद्दे खोडायचे, आणि पदाधिकारी मुलांमधूनच निवडायचे. मोठ्या माणसाचं काम फक्त देखरेखीचं. त्याच्याही आधी, १५६३ मध्ये, रोमच्या कॉलेजात यान लाउनिस या तरुण जेझुइटाने विद्यार्थ्यांचा एक गट सुरू केला. प्रार्थना आणि आजारी-गरिबांची सेवा हे त्या गटाचं काम. ‘सोडॅलिटी’ म्हणून तो पुढे जगभर पसरला. म्हणजे वर्ग आणि वर्गाबाहेरचा गट ही जोडी साडेचारशे वर्षांची आहे. यातलं एक काढलं तर शाळा अर्धी राहते असं मी ठामपणे मानतो.

क्लबमधून काय उभं राहू शकतं याचं मला सगळ्यात भावणारं उदाहरण पॅरिसचं आहे. १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी एका चर्चामंडळात इतिहासावर वाद घालायचा. समोरच्यांनी विचारलं, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? त्या प्रश्नाने तो आणि त्याचे मित्र उठले. सिस्टर रोझली रांद्यू पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करत होत्या, त्यांच्याकडून घरांचे पत्ते घेतले आणि स्वतः जळाऊ लाकूड, पाव घेऊन जाऊ लागले. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी ती हीच. आजही अनेक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, तिची माणसं आठवड्याला घरभेटी देतात. एका डिबेटिंग क्लबमधून हे निघालं.

आता शाल्मलीताईंच्या मुख्य प्रश्नाकडे. कोणता क्लब, याआधी एक चौकशी करा. क्लबचा सेक्रेटरी कोण, हे शाळेत विचारा. पटकन एखाद्या नववीच्या मुलाचं नाव सांगितलं गेलं तर तो क्लब जिवंत आहे. सरांचंच नाव सांगितलं तर तो आणखी एक तास आहे, फक्त फळ्याशिवाय. मागच्या वर्षीची इतिवृत्ताची वही बघायला मागा. मुलाच्या हस्ताक्षरातली, खाडाखोड असलेली वही असेल तर डोळे मिटून नाव घाला. विषय निसर्ग आहे की नाटक, हे मग दुय्यम.

अकरावी_सायन्स

मी गेल्या वर्षीच दहावी झालो, त्यामुळे आत्ताची स्थिती सांगतो. मास्तर सर म्हणतात तसे क्लब अजून आहेत, पण सगळे नाहीत. आमच्याकडे रोबोटिक्स क्लब बाहेरची कंपनी चालवायची. वेगळी फी, किट त्यांचं, शिकवणारा दादा त्यांचा, आणि प्रत्येक मुलाने तीच गाडी तशीच जोडायची. वर्षाच्या शेवटी किट परत. त्यात आम्हाला ठरवायला काहीच नव्हतं. तो क्लासच होता, फक्त शाळेच्या इमारतीत.

याउलट क्विझ क्लबला शून्य खर्च. दर आठवड्याला एका मुलाने वीस प्रश्न काढून आणायचे. प्रश्न काढणं उत्तर देण्यापेक्षा खूप अवघड आहे. एका प्रश्नाची दोन उत्तरं निघाली की सगळे तुटून पडायचे, मग पुढच्या वेळी तो दोन ठिकाणी पडताळून आणायचा.

खगोलाची आवड असेल तर शाळेत क्लब नसला तरी चालेल. आयुकात, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं असतात. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था तर १९४४ पासून आहे, टिळक स्मारक मंदिरात. आम्ही चार मित्र जायचो आणि परत येऊन सायन्स क्लबमध्ये सांगायचो.

शाल्मली_कोथरूड

सगळ्यांचे आभार. मास्तर सर, सेक्रेटरीची कसोटी फारच उपयोगी आहे, सोमवारी चौकशी करते.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. मुलगा बोलताना अडखळतो, विशेषतः नवीन माणसांसमोर. स्पीच थेरपी चालू आहे. नातेवाईक सुचवतात की वादविवादात टाका, भीड चेपेल. मला धाडस होत नाही. तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त_मास्तर

ढकलून टाकू नका. मंचावर उभं करून भीड चेपते हा समज मी अनेक मुलांच्या बाबतीत खोटा ठरताना पाहिला आहे. मूल एकदा सगळ्यांसमोर अडकलं आणि कोणी हसलं, तर ते पुढे हात वर करणंही सोडतं. मुलांच्या शाळेत तर हसणारे असतातच. त्याला वादविवादाची ओढ असेल तर मात्र दार बंद करू नका. माझ्याकडे अशी मुलं वेळ मोजायला, मुद्दे शोधायला यायची. समोरच्या गटाचा कच्चा दुवा बहुतेक वेळा त्यांनाच सापडायचा, कारण ती इतरांपेक्षा नीट ऐकत असतात. बोलायचं कधी, ते त्यांचं त्यांनी ठरवलं. काहींनी ठरवलं, काहींनी नाही. दोन्ही ठीक.

पडद्यामागे

नाटक क्लबचा विचार नक्की करा. नाटक म्हणजे फक्त अभिनय नव्हे. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, कपडेपट, प्रॉम्प्टिंग, ही सगळी कामं मुलंच करतात. मी पूर्ण शालेय जीवनात रंगमंचावर एक वाक्य बोललो नाही आणि नाटक माझंच होतं असं आजही वाटतं. क्यू चुकला तर समोरचा मित्र अंधारात उभा राहतो. ती जबाबदारी तेराव्या वर्षी दुसरं कोण देतं?

मुलांच्या शाळेतल्या नाटकाची आणखी एक खासियत. आईचं काम, आजीचं काम, सगळं मुलांनीच करायचं. सुरुवातीला वर्गात खिदळणं होतंच. पण तालमीत एखादा मुलगा आजारी आजीसारखा उठून बसायला शिकतो तेव्हा तो घरी जाऊन आजीकडे नीट बघतो. बालगंधर्वांच्या गावात यात लाजण्यासारखं काही नाही हे आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पूर्वीच्या जेझुइट शाळांत म्हणे स्त्रीपात्रांना परवानगीच नव्हती. मास्तर सर, खरं का?

शाळा मराठी नाटक करत असेल तर भालबा केळकर करंडकात उतरते का तेही विचारा. आंतरशालेय स्पर्धा आहे, महाराष्ट्रीय कलोपासकची. आपल्या वयाची दुसऱ्या शाळेतली मुलं काय करतात ते बघायला मिळतं, बक्षिसापेक्षा त्याचा फायदा मोठा.

निवृत्त_मास्तर

खरं आहे. १५९९ च्या त्या नियमावलीतच आहे: नाटकं लॅटिनमध्ये हवीत, क्वचितच व्हावीत, आणि स्त्रीपात्र किंवा स्त्रीवेश नको. प्रत्यक्षात नाटकं इतकी लोकप्रिय झाली की ‘क्वचित’ कोणी फार पाळलं नाही.

वसईकरीण

धर्माच्या प्रश्नावर मी लिहिते. आम्ही वसईचे कॅथलिक, बरीच वर्षं वडगाव शेरीत राहतो. माझे दोन्ही मुलगे अशाच शाळेतून शिकले.

शाल्मलीताई, काळजी करू नका. धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (ख्रिस्ती धर्मशिक्षणाला) जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला. सोडॅलिटीसारखा गट असलाच तर तो कॅथलिक मुलांसाठीच, तिथे तुमच्या मुलाला कोणी बोलावणार नाही. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी वेदीवर सेवा करणारी मुलं आमच्याच पॅरिशची. बाकी सगळे क्लब सगळ्यांसाठी खुले. मोठ्याच्या वेळी कॉयरमध्ये निम्मी मुलं हिंदू, दोन पारशी, एक बोहरी होता. डिसेंबरमध्ये कॅरल्स म्हणायची, इतर वेळी देशभक्तीची गाणी, हिंदी-मराठी समूहगीतं. कॅरल्समध्ये येशूचा जन्म येणारच, ते तुम्हाला चालत नसेल तर फादरांना सरळ सांगा, मनात ठेवू नका. आमच्या ओळखीच्या एका घराने तसं सांगितलं होतं, फादरांनी ते सहज मान्य केलं.

समाजसेवेच्या क्लबमध्ये वृद्धाश्रमात जाणं, वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणं असं काम असतं. जेझुइट शाळांत ‘इतरांसाठी जगणारी माणसं’ हे शब्द सारखे ऐकू येतात, ते फादर पेद्रो आरूपे यांचे. १९७३ मध्ये स्पेनमध्ये जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर ते बोलले होते. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते तिथेच होते, वैद्यकीचं शिक्षण घेतलेलं होतं, त्यांनी आपल्या मठाचा दवाखाना केला आणि जखमींवर उपचार केले. त्या माणसाच्या तोंडी ते वाक्य पोकळ नाही. म्हणून मला वाटतं समाजसेवेचा क्लब हा या शाळांचा गाभा आहे. फक्त एकदा जाऊन फळं वाटून फोटो काढून परत येतात की दर पंधरवड्याला त्याच आजोबांकडे तोच मुलगा जातो, हे विचारा. पहिल्याला मी सेवा म्हणणार नाही.

कॉयरबद्दल आणखी थोडं. अडखळणारी पुष्कळ मुलं गाताना अजिबात अडखळत नाहीत, हे तुमच्या थेरपिस्टनाही माहीत असेल. कॉयर म्हणजे उपचार नव्हे, पण आठवड्यातला तेवढा वेळ त्याचा आवाज मोकळा वाहील आणि तो इतरांच्या आवाजात मिसळलेला असेल. एक काळजी मात्र घ्या. या वयात आवाज फुटतो. चांगले सर अशा वेळी मुलाला वरच्या पट्टीतून खाली आणतात, काही महिने कमी गायला लावतात. जोर लावून वरचे सूर काढायला सांगत असतील तर तिथे ठेवू नका.

सदाशिवी

मराठी मंडळाबद्दल कोणीच लिहिलं नाही याचं वाईट वाटलं. माझ्या भाच्याच्या शाळेत मराठी मंडळ वर्षातून एकदा जागं होतं, २७ फेब्रुवारीला. फेटे, दोन कविता, संपलं. इंग्रजी डिबेटला मात्र वर्षभर बैठका. ही कॅथलिक शाळा आहे म्हणून असं होतं असं मी म्हणत नाही. इंग्रजी माध्यमाच्या इतर शाळांतही हेच आहे. पण जेझुइटांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. त्यांच्यातलेच फादर स्टीफन्स इंग्लंडहून येऊन चारशे वर्षांपूर्वी ‘ख्रिस्तपुराणा’च्या मराठी ओव्या लिहून गेले. शनिवार पेठेतलं स्नेहसदन हे केंद्र जेझुइट फादर लेडर्ले यांनी उभं केलं, इथल्या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलावं म्हणून. त्यांच्या शाळेत मराठी मंडळ मरगळलेलं का असावं?

वसईकरीण

सदाशिवी, पूर्ण सहमत. आमच्या घरात प्रार्थनाही मराठीतच होते, तरी माझ्या धाकट्याला मराठी मंडळाचं नाव घेताना संकोच वाटायचा. पण एका वर्षी दोन मुलांनी भित्तिपत्रक सुरू केलं: कॅन्टीनवाल्या मावशींची, माळीकाकांची, बसच्या ड्रायव्हरकाकांची मुलाखत, दर पंधरा दिवसांनी एक. पूर्ण शाळा जिन्यात थांबून वाचायची. त्या मुलाखती मराठीतच होऊ शकत होत्या. ती दोन मुलं दहावीला गेली आणि ते बंद पडलं.

निवृत्त_मास्तर

बंद पडायचं कारण तिथेच आहे. नववीच्या मुलाने सातवीचा मुलगा तयार करायचा असतो. दिवाळीनंतर धाकट्याच्या हातात काम द्यायचं आणि मोठ्याने बाजूला उभं राहायचं. हे बघणं शिक्षकाचं काम. मुलं ते आपणहून करत नाहीत, त्यांना वाटतं आपण कायम इथेच असणार आहोत.

कसबेकर_बाबा

चर्चा वाचली. गुणांचा मुद्दा मी सोडत नाही. पण क्लासच्या बॅचेस बदलून मिळतात हे मला माहीत आहे. बहुतेक ठिकाणी आठवीची तीच बॅच आठवड्याच्या दिवशी संध्याकाळीही असते. शाल्मलीताईंनी ते आधी विचारावं. दोन्ही जमत असेल तर माझा विरोध नाही.

शाल्मली_कोथरूड

बाबा, विचारलं. मंगळवार-गुरुवारची बॅच मिळते आहे, फक्त घरी यायला साडेआठ होतील. चालवून घेऊ.

शाळेतही गेले होते. निसर्ग क्लबचा सेक्रेटरी नववीचा मुलगा आहे, त्यानेच वही दाखवली. पावसाच्या नोंदी होत्या, मधली काही पानं भिजून चिकटलेली. कॉयरचं विचारलं तर सर म्हणाले, आधी दोन शनिवार येऊन बसू दे, मग बघू. रोबोटिक्सचं उत्तर ‘अकरावी_सायन्स’ने लिहिल्यासारखंच मिळालं, कंपनीचा फोन नंबर दिला. मुलाला सगळं सांगितलं. त्याने निसर्ग क्लब निवडला, कॉयरच्या सरांकडेही दोन शनिवार बसून बघतो म्हणाला.

टेकडीवाला, त्याला दुर्बीण घ्यायला हवी का? आणि पावसात टेकडीवर नेतात त्याची थोडी धास्ती आहे.

टेकडीवाला

दुर्बीण आत्ता नको. पहिलं वर्ष कान आणि नुसते डोळे पुरतात, क्लबची एखादी असतेच. पुढे घ्यायचीच तर ८ बाय ४० च्या (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) आसपासची घ्या. १० किंवा जास्त पटीची लहान हातात हलते आणि पक्षी सापडत नाही. मागचं पान कडक असलेली छोटी वही आणि पेन्सिल द्या, पावसात पेनची शाई पसरते.

धास्ती रास्त आहे. सोबत किती मोठी माणसं असतात आणि टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या कडेपासून किती लांबून नेतात, हे दोन प्रश्न सरांना आधीच विचारा. पावसाळ्यात तिथल्या दगडावर शेवाळं धरतं. बूट घट्ट पकड असलेले हवेत, नवे कोरे नकोत. विजा चमकत असतील त्या दिवशी फेरी रद्द करायची असा नियम आमच्या क्लबमध्ये होता आणि तो सेक्रेटरीनेच पाळायचा. त्यांच्याकडे नसेल तर मुलाला पहिल्या बैठकीत सुचवू दे. लिहून दिलं तरी चालतं, बोलायलाच हवं असं नाही.